गिऱ्हाईक कोणाचे, नफा कोणाचा?

वाचकांचे प्रश्न

घरगुती उद्योगांच्या नोंदणीविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच गोष्टीकडे वळलेली होती. स्वतःचा लहान धंदा आणि ज्याला सर्रास ‘नेटवर्क’, ‘चेन’ किंवा ‘डायरेक्ट सेलिंग’ म्हटले जाते ती बहुस्तरीय विक्री, म्हणजे माल विकण्याबरोबरच नवे विक्रेते जोडून त्यांच्या खरेदीवरही कमिशन मिळवण्याची पद्धत, या दोहोंत नेमका फरक काय, असे वेगवेगळ्या शब्दांत विचारले गेले आहे. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी घरी शेंगदाण्याची चटणी करून विकते. महिन्याला साधारण चाळीस किलो चटणी जाते. माझी चुलत जाऊ दोन वर्षांपासून एका कंपनीच्या साखळीत आहे. ती म्हणते, “तूही धंदा करतेस, मीही करते. फरक एवढाच, की तू चुलीपुढे बसतेस आणि माझे उत्पन्न झोपेतही चालू राहते.” चटणीची गिऱ्हाइके आहेतच, त्यांनाच ‘प्लॅन’, म्हणजे साखळीत येण्याची योजना, दाखव, असा तिचा आग्रह आहे. दोन्ही धंदे एकत्र करता येतील का? दोघींचा हिशोब सोबत पाठवीत आहे. जाऊबाईंनी विश्वासाने मला त्यांची वही दाखवली आहे. — एक वाचक, बार्शी

उत्तर : हिशोब पाठवलात हे फार बरे केलेत, कारण या विषयावरचा बहुतेक वाद हिशोबाविनाच चालतो.

आधी आपली चटणी पाहू. एका किलोला शेंगदाणे १४० रुपये, लसूण २०, तिखट २२, मीठ-जिरे ४ आणि गॅस, मिक्सरची वीज, पाकीट व लेबल मिळून २४, असा २१० रुपये खर्च आपण मांडला आहे. त्यांतील पंचवीस किलो आपण ओळखीच्या गिऱ्हाइकांना ३२० रुपयांनी देता आणि पंधरा किलो दोन किराणा दुकानांना २८० रुपयांनी. म्हणजे महिन्याला ३,८०० रुपये सुटतात. यात आपण स्वतःची मजुरी धरलेली नाही. भाजणे, सोलणे, कुटणे आणि पाकिटे भरणे यांत महिन्याला साठ तास जातात असे आपणच लिहिले आहे. तासाला पन्नास रुपये धरले तरी ३,००० रुपये ही मजुरी झाली आणि खरा नफा ८०० रुपये उरला. आकडा लहान आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता जाऊबाईंची वही. सुरुवातीला ११,५०० रुपयांचे पॅकेज घेतले ते बाजूला ठेवू आणि फक्त गेले वर्ष पाहू. ‘आयडी’, म्हणजे कंपनीतला सभासद क्रमांक, चालू राहावा म्हणून दरमहा २,००० रुपयांची खरेदी, म्हणजे २४,००० रुपये. सोलापूर-पुण्याचे सेमिनार, त्यांची तिकिटे आणि प्रवास यांचे ६,००० रुपये. एकूण ३०,०००. दुसऱ्या बाजूला कंपनीकडून आलेले कमिशन १४,६०० रुपये, बहिणीला विकलेला माल ३,००० रुपयांचा आणि घरात वापरलेला साबण, टूथपेस्ट, तेल वगैरे, ज्याची बाजारातल्या नेहमीच्या मालाच्या भावाने किंमत ८,००० रुपये होते. बेरीज २५,६००. म्हणजे ४,४०० रुपये पदरचे गेले, आणि यात दारोदार फिरण्याचे व फोनवर घालवलेले तास एका पैशानेही मोजलेले नाहीत. तरीही जाऊबाई खोटे बोलत नाहीत. बँकेत १४,६०० रुपये जमा झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. खर्च मात्र दोन-दोन हजारांनी, घरखर्चात मिसळून गेला, आणि त्याची बेरीज कधी झालीच नाही.

पण तोट्या-नफ्याचा हा फरक मूळ मुद्द्याचा नाही, कारण उद्या आपल्यालाही चटणीत तोटा येऊ शकतो. पैसा कोठून आला ते पाहावे. आपल्याकडे आलेला प्रत्येक रुपया चटणी खाणाऱ्याने दिला आहे. पुण्याचे जे गृहस्थ दर महिन्याला दोन किलो मागवतात, त्यांना चटणीचा धंदा करायचा नाही. त्यांना भाकरीबरोबर चटणी हवी आहे. जाऊबाईंच्या १४,६०० रुपयांपैकी बहुतांश रक्कम मात्र गल्लीतल्या ज्या दोघींनी प्रत्येकी ११,५०० रुपये भरून प्रवेश घेतला, त्यांच्या पैशांतून आली आहे, असे वहीतल्या नोंदींवरून दिसते. त्या दोघींनी माल हवा म्हणून पैसे दिले नाहीत. पुढे आपणही असेच कमवू या आशेने दिले. साखळीबाहेरचे, केवळ मालासाठी पैसे देणारे गिऱ्हाईक वर्षभरात एकच, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या रूपाने.

येथूनच दुसरा फरक निघतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. कोणताही किराणा दुकानदार आपल्या चांगल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या गाळ्यात तसलेच दुकान टाकण्याचा आग्रह करीत नाही. साखळीत मात्र नेमके तेच करावे लागते : ज्या गल्लीत आपण विकायचे, त्याच गल्लीत तोच माल विकणारी माणसे आपणच उभी करायची, आणि त्यांनी पुन्हा तेच करायचे. मालाला मागणी किती आहे, याचा विक्रेत्यांच्या संख्येशी काही संबंधच राहत नाही. बार्शीत चटणीची मागणी वाढली तर आपण मदतीला एक बाई ठेवाल आणि तिला मजुरी द्याल. ती बाई कामावर येण्यासाठी आपल्याला ११,५०० रुपये देणार नाही.

याखेरीज धंद्यावर ताबा कोणाचा, हेही पाहा. चटणीत तिखट किती घालायचे, भाव किती लावायचा, उधार कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे आपण ठरवता. भाव दहा रुपयांनी वाढवून गिऱ्हाईक टिकते का हे आजमावून पाहता. जाऊबाईंना मालाची किंमत ठरवता येत नाही, कमिशनचा तक्ता बदलला तर विचारले जात नाही, आणि करारातील अटींनुसार कंपनी त्यांचा आयडी बंद करू शकते. तोच माल एखाद्या ऑनलाइन संकेतस्थळावर स्वस्तात दिसला तर त्यांनी काय करायचे? त्या ज्याला ‘माझी टीम’ म्हणतात, ती नावनिशीवार यादी कंपनीच्या संगणकात आहे. आपली गिऱ्हाइकांची यादी आपल्या फोनमध्ये आहे. यावरून स्वतंत्र व्यावसायिक कोण, हे कळते.

म्हणूनच दोन्ही धंदे एकत्र करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चटणीच्या गिऱ्हाइकांना ‘प्लॅन’ दाखवायला सुरुवात केली, की आपला फोन आला म्हणजे चटणीबद्दल आहे की जोडणीबद्दल, अशी शंका त्यांच्या मनात येऊ लागेल, आणि वर्षानुवर्षांची ओळख त्यात खर्ची पडेल. त्याऐवजी आठशेचे दोन हजार करण्याकडे लक्ष द्या. नवा शेंगदाणा बाजारात येतो तेव्हा दोन-तीन महिन्यांचा माल एकदम घेतला तर किलोमागे काही रुपये सहज वाचतात. दुकानांचा भाव २९० करून पाहण्यासारखा आहे. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची लहान उत्पादकांसाठीची नोंदणी करून तिचा क्रमांक लेबलवर छापलात, तर एखादे मोठे दुकानही माल ठेवायला तयार होईल. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे. ती करून देतो म्हणून हजार-दीड हजार मागणारे एजंट भेटतात, त्यांना वाटेला लावावे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून एका कंपनीचे काम करावे असे मनात आहे. कंपनी नोंदणीकृत आहे, जीएसटी क्रमांक आहे, आणि केंद्र सरकारने २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियमच केले असल्याने आता हा व्यवसाय सरकारमान्य झाला आहे, असे सांगितले जाते. हे बरोबर आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धे बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

कंपनी म्हणून नोंदणी आणि जीएसटी क्रमांक हे कोणत्याही कंपनीला मिळतात. तिची कमिशनची योजना कायद्यात बसते की नाही, याची तपासणी त्यात झालेली नसते. मुख्य कायदा जुना आहे. १९७८ च्या ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट’ने, सभासद नोंदवण्याच्या घटनेवर अवलंबून पैसा देण्याचे आमिष दाखवणाऱ्या, झटपट वा सहज पैसा मिळवून देण्याच्या योजनांवर बंदी घातली. अशी योजना चालवणेच नव्हे, तर तिच्यात भाग घेणे आणि इतरांना ओढणे हाही गुन्हा असून, त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. माल मध्ये आहे म्हणून योजना आपोआप या कायद्यातून सुटते, असे नाही. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवे या डायरेक्ट सेलिंगमधल्या मोठ्या कंपनीच्या योजनेला याच कायद्याची व्याख्या लावली. २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी त्याच कंपनीच्या भारतातील प्रमुखांना अटक केली आणि एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. अटक आणि जप्ती या तपासातील कारवाया आहेत, त्यांना अंतिम निकाल मानू नये. परंतु नाव मोठे म्हणून प्रश्न संपला, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

दुसरीकडे, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘डायरेक्ट सेलिंग’ची व्याख्या आली आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी त्याखालील नियम अधिसूचित झाले. म्हणजे कायमच्या दुकानाबाहेर, विक्रेत्यांमार्फत माल विकण्याला कायद्यात स्थान आहे. पण हेच नियम पिरॅमिड योजना (नव्या सभासदांच्या पैशांतून वरच्यांना पैसे देणारी) आणि पैशांच्या अभिसरणाची (मनी सर्क्युलेशन) योजना यांना स्पष्ट मनाई करतात. कंपनीने विक्रेत्याशी आधी लेखी करार करायला हवा; विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही; होतकरू विक्रेत्याला माहितीपुस्तके किंवा प्रात्यक्षिकाचे साहित्य विकत घ्यायला लावायचे नाही; आणि “तुम्ही आणखी चार जणांना आणलेत की या मालाचे पैसे वसूल होतील” असे सांगून माल खपवायचा नाही. शेवटचा नियम वाचून आपल्यापैकी अनेकांना आपल्याच बैठकीच्या खोलीत ऐकलेली वाक्ये आठवतील.

तेव्हा ‘सरकारमान्य’ हा शब्द ऐकला की एकच विचारावे : कंपनीच्या विक्रीपैकी किती माल साखळीत नसलेल्या गिऱ्हाइकांनी घेतला? व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९७९ मध्ये अ‍ॅमवेच्याच प्रकरणात कंपनीला पिरॅमिड ठरवले नाही, ते विक्रेत्याने माल बाहेर विकलाच पाहिजे आणि न खपलेला माल परत घेतला गेला पाहिजे, अशा तिच्या नियमांकडे बोट दाखवूनच. नियम कागदावर आहेत की ते पाळलेही जातात, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याला ज्यांनी बोलावले त्यांच्या विक्रीच्या पावत्यांत मिळेल. पावत्या दाखवा म्हटल्यावर गाडीचा फोटो दाखवला गेला, तर उठून यावे.

प्रश्न : “शंभरांतले नव्व्याण्णव जण अपयशी होतात, कारण ते मेहनत घेत नाहीत, लहान दुकानेही बंद पडतातच की,” असा युक्तिवाद साखळी विक्रीत असलेला आमच्या कार्यालयातील एक सहकारी करतो. त्याला काय उत्तर द्यावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुकाने बंद पडतात, हे खरेच आहे. जागा चुकते, उधारी बुडते, समोर मोठे दुकान येते, भाऊबंदकी होते. पण एका रस्त्यावर तीन चहाची दुकाने असतील, तर तिन्ही चालणे अशक्य आहे असे कोणतेही गणित सांगत नाही. साखळीत मात्र बहुतेकांचे नुकसान रचनेतच लिहिलेले असते.

समजा, प्रत्येकाने फक्त दोघांना जोडायचे आहे आणि भरलेले पैसे वसूल व्हायला खाली तीन थर, म्हणजे दोन, चार आणि आठ मिळून चौदा माणसे लागतात. अशी साखळी कितीही वाढली, तरी सगळ्यांत खालच्या थरात नेहमी एकूण माणसांच्या निम्म्याहून जास्त माणसे असतात. खालचे तीन थर मिळून साधारण साडेसत्याऐंशी टक्के. या तीन थरांतल्या कोणाच्याही खाली अजून चौदा माणसे नाहीत. म्हणजे साखळी अगदी उत्तम चालली, एकानेही आळस केला नाही, तरी कोणत्याही दिवशी आठांतले सात जण वसुलीच्या अलीकडे असतात. त्यांनी वर सरकायचे तर खाली आणखी आठपट माणसे हवीत, आणि तेव्हा तीच अवस्था त्या नव्यांची होते. दोघा-दोघांच्या या हिशोबात सत्ताविसाव्या थराला १३ कोटी ४२ लाख माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. प्रत्येकी सहा जण जोडायचे असतील तर अकराव्या थरालाच ३६ कोटी लागतात.

प्रत्यक्षात कोणतीही साखळी इतकी नेटकी वाढत नाही. खालची माणसे वर्ष-सहा महिन्यांत गळतात, त्यांच्या जागी नवी येतात, आणि त्यामुळेच अशा कंपन्या पुष्कळ वर्षे टिकू शकतात. गळालेल्यांची मोजणी कोणी करीत नाही. व्यासपीठावर जो उरला तोच बोलतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सत्तर बहुस्तरीय कंपन्यांची, त्या कंपन्यांनीच प्रसिद्ध केलेली उत्पन्नपत्रके तपासली. बहुसंख्य सहभागींचे वर्षाचे उत्पन्न १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी होते, आणि बहुतेक पत्रकांत त्यांचा खर्च धरलेलाच नव्हता. हे आकडे अमेरिकेतले आहेत. पण दोनाची पट तिथेही चारच होते.

आपल्या सहकाऱ्याला मेहनतीचे एवढे महत्त्व वाटत असेल, तर २०११ मधले ‘स्पीक एशिया’ त्याला आठवत असेल का, विचारा. ११,००० रुपये भरून ऑनलाइन सर्वेक्षणे भरायची आणि नवे सभासद आणायचे, अशी ती योजना होती. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे ते प्रकरण गेले. सर्वेक्षणे भरण्यात लोकांनी काही कमी मेहनत घेतली नव्हती.

प्रश्न : मी एका मसाला कंपनीची तालुक्याची एजन्सी घेत आहे. कंपनी अनामत मागते. माझ्या हाताखाली दुकानदार असतील, माझ्यावर जिल्ह्याचा वितरक आहे. मग ही साखळीच झाली का? तसेच, विमा एजंटाचे काम कोणत्या प्रकारात येते? — एक वाचक, कणकवली

उत्तर : नाही. आपल्या हाताखालचा दुकानदार माल घेतो तो गिऱ्हाइकाला विकण्यासाठी. त्याने दुसरा दुकानदार आणला म्हणून आपल्याला काही मिळत नाही. दोन-तीन टप्प्यांची घाऊक-किरकोळ व्यवस्था बाजारात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि प्रत्येक टप्प्याचे मार्जिन शेवटी मसाला खाणाऱ्याच्या खिशातून येते. अनामत परत मिळण्याची अट, न खपलेला आणि मुदत संपत आलेला माल परत घेण्याची अट, आणि त्याच तालुक्यात दुसरा एजंट नेमणार नाही ही हमी, एवढी तीन कलमे करारात लेखी करून घ्या. तिसरे कलम फार महत्त्वाचे आहे. बहुस्तरीय कंपनी असली हमी देऊच शकणार नाही.

विमा एजंटाला त्याने विकलेल्या पॉलिसीवर कमिशन मिळते. बहुस्तरीय पद्धतीने विमा विकण्यास २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्यातच मनाई आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक सदस्या कंपनीच्या ‘बिझनेस’ची माहिती देऊ इच्छिते. विरोध केल्यावर ती म्हणाली, “लिज्जत पापडातही बायका बायकांनाच जोडत गेल्या ना?” यावर आम्हाला काही उत्तर सुचले नाही. — गटाच्या सचिव, वर्धा जिल्हा

उत्तर : उदाहरण तिने चांगले काढले. ते नीट पाहिले तर उत्तर त्यातच मिळते.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या नावाने ती संस्था वाढली आणि आज तिच्या सभासद बहिणींची संख्या चाळीस हजारांहून अधिक आहे. बायका जोडल्या गेल्या, हे खरे. पण त्या कशामुळे जोडल्या गेल्या? पापड खपू लागला, लाटणारे हात अपुरे पडू लागले, म्हणून. आधी खप, मग माणूस, असा तो क्रम आहे. सकाळी शाखेतून मळलेले पीठ घ्यायचे, घरी लाटून वाळवायचे, पापड परत आणून द्यायचे आणि त्याच्या वजनावर वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची, ही कामाची रीत. एखाद्या बहिणीने शेजारणीला आणले, तर शेजारणीच्या वणाईतला एक पैसाही पहिलीच्या हातात पडत नाही. कोणी आधी आली म्हणून तिला वरचे पद नाही, आणि नफा-तोटा सर्वांचा. पापड विकत घेणाऱ्या घरांना तर लाटणारी कोण, हे ठाऊकही नसते; त्यांना पापड आवडतो म्हणून ते तो घेतात.

लिज्जत हा एकट्याचा स्वतंत्र धंदा नव्हे, ती सामूहिक मालकीची संस्था आहे, आणि तिच्या व्यवस्थेवर टीका करणारेही आहेत. परंतु साखळी विक्रीशी तिची तुलना केवळ ‘बायकांनी बायकांना जोडले’ एवढ्यावर करणे म्हणजे क्रम उलटा लावणे आहे.

बचत गट अशा कंपन्यांना फार सोयीचे वाटतात, याचे कारण उघड आहे. दहा-वीस बायका दरमहा ठरलेल्या दिवशी एकत्र येतात, एकमेकींना ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाते, आणि हाताशी अंतर्गत कर्जाची रक्कम असते. म्हणून गटाने एक साधा ठराव नोंदवहीत करावा : गटाच्या बैठकीत कोणत्याही कंपनीची सभासद नोंदणी होणार नाही, आणि अंतर्गत कर्ज अशा प्रवेशशुल्कासाठी किंवा पॅकेजसाठी दिले जाणार नाही. सदस्येने स्वतःच्या पैशाने, गटाबाहेर काय करावे, हा तिचा प्रश्न आहे. तिला त्यावरून टोचून बोलू नये. आणि ठराव तिच्या समोर व्हावा, तिच्या गैरहजेरीत नव्हे.

प्रश्न : मी वर्षापूर्वी एका कंपनीत गेले. घरात अजून १८,००० रुपयांचा माल पडून आहे. माझ्या सांगण्यावरून माझी मावसबहीण आणि मुलीच्या शाळेतल्या एका पालक बाई आल्या. त्यांचेही पैसे अडकले आहेत. बहीण आता बोलत नाही. यातून बाहेर कसे पडावे? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आज पहिल्यांदा नवी खरेदी थांबवा. आयडी चालू ठेवण्यासाठी दर महिन्याला जो माल घेतला जातो, त्यानेच हा साठा झाला आहे. “क्लोजिंगपर्यंत (म्हणजे महिन्याचा हिशोब बंद होईपर्यंत) एवढी एकच ऑर्डर टाक,” असा फोन वरच्या माणसाकडून येईल; टाकू नका.

मग करार शोधा. कागदी प्रत दिली नसेल तर तो कंपनीच्या ॲपवर किंवा ई-मेलमध्ये असतो. त्यात माल परत घेण्याची मुदत आणि अटी असतात. मुदत उलटली असली, तरी मालाची यादी, बिल क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख लिहून, माल परत घ्यावा आणि सभासदत्व संपुष्टात आणावे, असा ई-मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. वरच्या माणसाशी फोनवर झालेले बोलणे येथे उपयोगी पडत नाही; सर्व लेखी हवे. २०२१ च्या नियमांनुसार या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत द्यायची असते आणि साधारण महिनाभरात तिचा निकाल लावायचा असतो. माल वाईट होता असे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नका. तो चांगलाही असेल. आपल्याला काय सांगून तो घ्यायला लावला, हा तक्रारीचा विषय आहे, म्हणून त्या वेळचे व्हॉट्सॲप संदेश आणि उत्पन्नाचे आकडे दाखवणारी चित्रे जपून ठेवा.

कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क नाही. “तुम्ही व्यापारासाठी माल घेतला, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही,” असा बचाव कंपनी घेईल, हे गृहीत धरा. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्यात यातून सूट आहे. तक्रारीत हे शब्द असू द्या. बरेच लोक एकाच प्रकारे फसले असतील तर एकत्र जाऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज करणे अधिक परिणामकारक ठरते.

उरलेला माल अर्ध्या किमतीत विकून मोकळे व्हावे, असे वाटेल. घरात वापरण्याजोगा असेल तो वापरा, पण “व्यवसाय फार चांगला आहे, माझ्याकडचा साठा घे आणि सुरुवात कर” असे सांगून एकही वस्तू कोणाला देऊ नका. नाशिकच्या वाचकांना वर ज्या १९७८ च्या कायद्याविषयी लिहिले, तो माणसे जोडणाऱ्यालाही लागू होतो. आपण स्वतः फसलेल्या आहात, एवढे सांगून ती जबाबदारी आपोआप टळत नाही.

राहिली मावसबहीण आणि त्या पालक बाई. दोघींना भेटून किंवा निदान लेखी संदेशाने कळवा, की आपण बाहेर पडत आहात, नवी खरेदी त्यांनीही थांबवावी आणि माल परत करण्याची पत्रे तिघींनी एकाच वेळी पाठवावीत. त्यांच्या प्रवेशावर आपल्याला जे कमिशन मिळाले, ते किती होते हे पासबुकात दिसेल. ती रक्कम त्यांना परत देण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर आहे असे मी म्हणणार नाही. पण ती देणे आपल्याला शक्य असेल, तर पत्रे पाठवण्याच्या आधीच द्यावी. रोख न देता बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहील.